नाव लिहू नका म्हणतात, पण रँक विचारतात: फौजी घरांचा हेल्थ सर्व्हे नेमका कुठे अडतो

२००८ मध्ये इराकहून परतलेल्या एका अमेरिकन इन्फन्ट्री ब्रिगेडमध्ये संशोधकांनी एक साधी गोष्ट करून बघितली. तिकडे मोहिमेवरून आलेल्या प्रत्येक सैनिकाला एक हेल्थ फॉर्म भरावा लागतो, झोप लागते का, तिथलं काही डोळ्यासमोर येत राहतं का, जीव द्यावासा वाटतो का वगैरे, आणि त्या फॉर्मवर नाव असतं. संशोधकांनी त्याच ब्रिगेडमधल्या सैनिकांकडून तेच प्रश्न असलेला अजून एक फॉर्म भरून घेतला, पण बिननावाचा. त्यात डिप्रेशन, युद्धाचा मानसिक धक्का म्हणजे पीटीएसडी, आत्महत्येचे विचार आणि "मला मदत हवी आहे" असं म्हणणारे, हे सगळे आकडे दुपटीपासून चौपटीपर्यंत जास्त आले. ज्यांच्यात त्रासाची लक्षणं दिसली त्यांच्यातल्या साधारण पाचातल्या एकाने तर सरळ सांगितलं की नावाच्या फॉर्मवर खरं लिहायला मन धजत नाही.

म्हणजे नावाच्या फॉर्मवरून कोणी रिपोर्ट बनवला असता तर ती ब्रिगेड कागदावर ठणठणीत दिसली असती, आणि डॉक्टर, समुपदेशक, पैसा सगळं त्याच हिशोबाने आलं असतं. मला वाटतं फौजी लोकांचा सर्व्हे करणाऱ्या कोणीही आधी हे नीट वाचावं आणि मग प्रश्न लिहायला बसावं.

आपल्याकडे भीती कशाची, तर कॅटेगरीची. आर्मीत जवानाची तब्येत 'शेप' या पाच अक्षरांवर मोजतात: मानसिक स्थिती, कान, हातपाय, शरीराची एकूण क्षमता आणि डोळे. सगळ्यात एक नंबर असेल तर तो शेप-वन, आणि कुठे घसरला तर कॅटेगरी लागते म्हणजे खालचा मेडिकल दर्जा मिळतो, मग प्रमोशन, कोर्स, चांगलं पोस्टिंग सगळ्यावर परिणाम होऊ शकतो. आता अशा माणसाला तुम्ही विचारता की गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, तर तो काय लिहिणार? तो "अजिबात नाही" वर टिक करतो आणि कामाला लागतो, त्याला दोष कसा द्यायचा, त्याच्या पगारावर घर चाललेलं असतं, गावाकडे आईवडील असतात. इराक-अफगाणिस्तानला गेलेल्या अमेरिकन सैनिकांवरचा २००४ चा एक गाजलेला अभ्यास आहे, त्यात मानसिक त्रासाची लक्षणं असलेल्यांपैकी फक्त २३ ते ४० टक्क्यांनी मदत घेतली होती. आणि लोक काय म्हणतील, साहेब काय म्हणतील ही धास्ती जास्त कोणाला, तर ज्यांना मदतीची खरी गरज होती त्यांनाच.

बरं, नुसतं नाव काढून टाकलं की झालं असंही नाही. माझी मावसबहीण मुंबईत डिफेन्स क्वार्टर्समध्ये राहते, नवरा नेव्हीत, सेलिंगवर म्हणजे जहाजावर समुद्रात असतो. त्यांच्या ग्रुपवर एका संस्थेचा फॉर्म आला होता, वर मोठ्या अक्षरात "नाव लिहू नका, माहिती गुप्त राहील", आणि खाली विचारलेलं नवऱ्याची रँक, युनिट, कुठल्या वर्षी भरती, लग्नाला किती वर्षं, मुलं किती, त्यांची वयं. तिने मला स्क्रीनशॉट पाठवला आणि विचारलं, अगं त्या रँकचा, नऊ आणि चार वर्षांच्या दोन मुली असलेला त्या युनिटमध्ये दुसरा कोण आहे? तिने फॉर्म भरलाच नाही, आणि मुलींच्या शाळेबद्दल, रात्री ताप आला तर एकटीने काय करायचं त्याबद्दल तिच्याकडे सांगण्यासारखं खूप होतं.

आकडेशास्त्रात यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. नेमकं वय न विचारता वयोगट विचारायचा, युनिटऐवजी फक्त स्टेशन (म्हणजे फौजेचं ठाणं), रँकऐवजी ऑफिसर, जेसीओ (जवान आणि ऑफिसर यांच्या मधला दर्जा) की जवान एवढंच. रिपोर्टमध्ये कुठल्याही रकान्यात दहापेक्षा कमी माणसं आली (काही जण पाच धरतात) तर तो रकाना झाकून टाकायचा किंवा शेजारच्यात मिसळायचा. एखाद्या जहाजावर दोनच महिला ऑफिसर असतील तर "महिला ऑफिसर" असा वेगळा रकाना छापणं म्हणजे नावं छापल्यासारखंच आहे. आणि मूळ उत्तरं कमांडिंग ऑफिसरच्या टेबलावर जाऊच नयेत, बाहेरच्या टीमकडे राहावीत, तिथून फक्त एकत्र केलेले आकडे यावेत.

हे शहाणपण काही आत्ताचं नाही. अमेरिकेवर पर्ल हार्बरचा हल्ला झाला ७ डिसेंबर १९४१ ला आणि दुसऱ्याच दिवशी समाजशास्त्रज्ञ अमेरिकन आर्मीच्या एका डिव्हिजनमध्ये सैनिकांकडून प्रश्नावली भरून घेत होते. सॅम्युअल स्टाउफर यांच्या टीमने युद्ध संपेपर्यंत पाच लाखांहून जास्त सैनिकांना विचारलं. पद्धत अशी की सैनिकांना एका हॉलमध्ये गटाने बसवायचं, नाव घ्यायचं नाही, खोलीत ऑफिसर नको, आणि फॉर्म समजावून सांगणारासुद्धा साधा सैनिकच. युद्ध संपल्यावर आधी घरी कोणाला पाठवायचं हेसुद्धा त्यांनी सैनिकांनाच विचारलं आणि त्यातून पॉइंट सिस्टिम आली: सेवेच्या प्रत्येक महिन्याला १, परदेशातल्या प्रत्येक महिन्याला आणखी १, मोहिमेला किंवा पदकाला ५, आणि प्रत्येक मुलामागे १२, तीन मुलांपर्यंत. मे १९४५ मध्ये ८५ पॉइंट झालेल्यांचा नंबर आधी लागला. माझ्या मते सर्व्हेचा याहून चांगला उपयोग सापडणं कठीण आहे, कारण ज्याने फॉर्म भरला त्याला त्याचं फळ दिसलं.

त्याच अभ्यासात अजून एक गंमतीची गोष्ट निघाली. एअर कोअरमध्ये म्हणजे आर्मीच्या हवाई शाखेत प्रमोशन भराभर मिळायचं, मिलिटरी पोलिसात फार हळू, तरी प्रमोशनबद्दल जास्त समाधानी होते ते मिलिटरी पोलिसवाले! कारण माणूस स्वतःला शेजारच्याशी ताडून बघतो, आणि जिथे बाजूच्या सगळ्यांना बढती मिळतेय तिथे आपलं अडकलेलं जास्त टोचतं. म्हणून "तुम्ही घराबद्दल समाधानी आहात का" एवढंच विचारून भागत नाही. दुसऱ्या स्टेशनवर ऐसपैस घर सोडून मुंबईत आलेलं कुटुंब आणि चाळीतल्या एका खोलीतून पहिल्यांदा क्वार्टरमध्ये आलेलं कुटुंब, एकाच फ्लॅटबद्दल अगदी वेगळे मार्क देतील. त्यामुळे समाधानासोबत वस्तुस्थितीही विचारावी लागते, पाणी किती वेळ येतं, एमआय रूमला म्हणजे फौजेच्या दवाखान्यात जायला किती मिनिटं लागतात, मुलांची शाळा गेल्या पाच वर्षांत किती वेळा बदलली.

आता विचारायचं कोणाला. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण भात नीट ढवळलेला असेल तरच. आपल्या देशाच्या मोठ्या नमुना पाहणीत, म्हणजे एनएसएसमध्ये, सैन्याच्या बराकी नियमानेच वगळलेल्या असतात, फॅमिली क्वार्टर्स मात्र धरलेली असतात. त्यामुळे बराकीत एकटा राहणारा जवान देशाच्या आकड्यांत दिसत नाही, त्याच्यासाठी फौजेने स्वतःच विचारायला हवं. आणि फौज विचारते तेव्हा उलटं होऊ शकतं, जवान सापडतो, बायको सुटते.

एक हिशोब करून बघू. समजा एका स्टेशनवर ६०० जवान आणि ४०० बायका आहेत. जवानांपैकी १० टक्के शाळेच्या सोयीवर नाराज आहेत, बायकांपैकी ५० टक्के, म्हणजे खरे नाराज २६०, एकूण २६ टक्के. पण फॉर्म परत आले ४५० जवानांचे आणि फक्त ५० बायकांचे. आता नाराज दिसतील ४५ आणि २५, मिळून ७०, म्हणजे ५०० पैकी १४ टक्के. खोटं कोणीच बोललं नाही आणि आकडा निम्म्यावर आला. यावर वजन देणं हा उपाय असतो, म्हणजे प्रत्येक बाईचं उत्तर आठ बायकांइतकं धरायचं. पण ते तेव्हाच खरं ठरतं जेव्हा न भरणाऱ्या बायका भरणाऱ्यांसारख्याच असतात, आणि माझ्या बहिणीसारख्या घाबरून मागे राहिल्या असतील तर कितीही वजन द्या, त्यांचं म्हणणं येतच नाही. ब्रिटनमध्ये म्हणूनच सैनिकांच्या जोडीदारांचा दरवर्षी वेगळा सर्व्हे होतो आणि त्याचे निकाल सगळ्यांसाठी छापतात.

रिटायर झालेले तर अजून लांब. साताऱ्याकडच्या कुठल्याही फौजी गावात चाळिशीच्या आतबाहेर पेन्शनवर आलेले लोक भेटतील, त्यांच्यासाठी एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, पण गावापासून पॉलिक्लिनिक किती लांब, तिथे गोळी मिळाली का, की रेफरलसाठी परत यावं लागलं, हे जाऊन बसून विचारल्याशिवाय कळणार नाही, मोबाईलवर लिंक पाठवून तर नाहीच.

अमेरिकन आर्मीच्या तळांवरचा एक सर्व्हे यासाठी मला आवडतो, कम्युनिटी स्ट्रेंग्थ्स अँड थीम्स असेसमेंट. त्यात सैनिक, घरचे, रिटायर झालेले, तळावरचे सिव्हिलियन कर्मचारी अशा सगळ्यांना विचारतात आणि नुसत्या तक्रारी विचारत नाहीत, इथे चांगलं काय आहे तेही विचारतात. हे आपल्याला फार लागू पडतं. जहाज बाहेर असताना शेजारणीने रात्री मुलीला हॉस्पिटलला नेलं, ही त्या कॉलनीची ताकद आहे, आणि ती नोंदली नाही तर उद्या क्वार्टर बदलताना कोणीतरी ती सहज मोडून टाकेल.

तर असा फॉर्म तुमच्याकडे आला, मग तुम्ही सर्व्हिसमध्ये असा किंवा घरचे असा, आधी पाठवणाऱ्याला विचारा की मूळ उत्तरं कोण बघणार, किती लहान गटाचे आकडे छापणार आणि निकाल आम्हाला कधी मिळणार. नीट उत्तर मिळालं तर पूर्ण भरा, अर्धवट सोडू नका, आणि नवराबायकोने मिळून एक फॉर्म भरण्यापेक्षा दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून दोन भरा.