मेडी-कॅल आणि कागदपत्रे नसलेले स्थलांतरित

अमेरिकेतील कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी 1965 साली सुरू झालेल्या मेडिकेड या आरोग्य योजनेला कॅलिफोर्निया राज्यात मेडी-कॅल म्हणतात. तिचा खर्च केंद्र सरकार आणि राज्य सरकार मिळून उचलतात. सीमा ओलांडून आलेल्या किंवा व्हिसाची मुदत संपल्यावरही राहिलेल्या, अर्थात वैध वास्तव्याची कागदपत्रे नसलेल्या रहिवाशांना मात्र केंद्राच्या पैशातून पूर्ण संरक्षण मिळत नाही. कॅलिफोर्नियाने 2016 ते 2024 या काळात ते स्वतःच्या तिजोरीतून दिले आणि 2026 पासून त्याला पुन्हा कात्री लावली.

केंद्रीय कायद्याने एक किमान मर्यादा ठरवून दिली आहे. 1986 च्या कायद्यानुसार तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाची तपासणी करणे आणि त्याची प्रकृती स्थिर करणे रुग्णालयांना बंधनकारक आहे. उत्पन्नाची अट पूर्ण करणाऱ्या रुग्णाच्या अशा उपचारांचा खर्च मेडिकेडकडून मिळू शकतो. ‘तातडी’ या शब्दाचा अर्थ किती ताणायचा, हा खरा प्रश्न आहे आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या बाबतीत तो फार क्रूरपणे समोर येतो. काही राज्यांत अशा रुग्णाला ठरलेल्या दिवशी डायलिसिस मिळत नाही. धाप लागून किंवा रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीला पोहोचून त्याचा जीव धोक्यात आल्यावरच यंत्र जोडले जाते, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच घडते. रुग्णाचे हाल होतात, शिवाय वारंवार भरती करावी लागल्याने खर्चही वाढतो. अशा नियमाला काटकसर म्हणणे अवघड आहे. कॅलिफोर्नियात नियमित डायलिसिसचा समावेश संरक्षणात आधीपासूनच होता.

1994 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रस्ताव 187’ मंजूर करून या स्थलांतरितांना शाळा आणि तातडीखेरीजच्या आरोग्य सेवा नाकारल्या होत्या. न्यायालयाने त्याची अंमलबजावणी रोखली. पुढे ऑगस्ट 1996 च्या केंद्रीय कल्याण सुधारणा कायद्याने अशा रहिवाशांना केंद्राच्या बहुतेक लाभांतून वगळले, पण एक वाट मोकळी ठेवली: राज्याला नवा कायदा करून स्वतःच्या पैशातून त्यांना लाभ देता येतो. 2010 च्या आरोग्य सुधारणा कायद्याने तर सरकारी विमा बाजारात पदरचे पैसे भरून विमा घेण्यासही त्यांना मनाई केली. गर्भवतींच्या बाबतीत नियम वेगळा आहे. 2002 पासून राज्यांना पोटातील बाळाला लाभार्थी धरून, आईचे वास्तव्य वैध आहे की नाही हे न पाहता, मुलांच्या विमा योजनेच्या केंद्रीय निधीतून प्रसूतिपूर्व सेवा देता येते.

कॅलिफोर्नियाने 1996 च्या कायद्यातील वाट वयोगटांच्या टप्प्यांनी चोखाळली. मे 2016 मध्ये 19 वर्षांखालील मुले, जानेवारी 2020 मध्ये 19 ते 25 वयाचे तरुण, मे 2022 मध्ये पन्नाशी गाठलेले आणि जानेवारी 2024 मध्ये उरलेले 26 ते 49 वयोगटातील प्रौढ योजनेत आले. शेवटी आलेल्या या गटात शेतमजूर, बांधकाम कामगार आणि स्वयंपाकघरात राबणारे पुष्कळ जण होते. कष्टाचे वय हेच, आणि नेमके तेच सर्वांत शेवटी. विक्रीकर हे लोकही भरतात, अनेकांच्या पगारातून प्राप्तिकर कापला जातो, त्यामुळे इतरांच्या पैशावर उपचार घेतल्याचा आरोप त्यांच्यावर सरसकट करता येत नाही.

विस्तार पूर्ण झाल्यावर लाभार्थ्यांची संख्या सुमारे 16 लाखांपर्यंत गेली आणि खर्च अंदाजापेक्षा बराच वाढला. सुमारे 12 अब्ज डॉलरची तूट समोर असताना, विस्ताराचे पुरस्कर्ते असलेले गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनीच 2025 मध्ये कपात मांडली. अर्थसंकल्पानुसार जानेवारी 2026 पासून 19 वर्षे व त्यावरील वयाच्या, कागदपत्रे नसलेल्या प्रौढांची पूर्ण संरक्षणासाठी नवी नोंदणी थांबवण्यात आली. जुलै 2026 पासून दंतसेवा वगळण्याचे आणि जुलै 2027 पासून 19 ते 59 वयोगटाकडून दरमहा 30 डॉलर हप्ता घेण्याचे ठरले. मुले आणि गर्भवती या नोंदणीबंदीतून वगळल्या आहेत. इलिनॉयने 42 ते 64 वयोगटाची अशीच योजना जुलै 2025 मध्ये बंद केली, तर मिनेसोटाने प्रौढांचे संरक्षण 2025 च्या अखेरीस संपवले. केंद्राच्या निधीचा आधार नसलेला हक्क राज्याचा महसूल घटताच सर्वांत आधी डळमळतो, हे तिन्ही राज्यांत दिसले.

पैशाइतकीच भीतीही नोंदणीच्या आड येते. 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने मेडिकेड लाभार्थ्यांची माहिती स्थलांतर यंत्रणेला दिल्याचे उघड झाल्यावर कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांनी न्यायालयात धाव घेतली. अर्ज भरताना दिलेला घराचा पत्ता हद्दपारीसाठी वापरला जाईल असे वाटले, की पात्र असलेले आईवडील अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणजे नागरिक असलेल्या, मुलांचीही नोंदणी टाळतात.