कावळा शिवेपर्यंत

मामांच्या दहाव्याला आम्ही इंदूरहून पहाटेच निघालो आणि आठाच्या सुमारास नर्मदेवर खेडीघाटला पोचलो. पिंड मांडून झाले. शेजारच्या द्रोणात मामीनं वरणभात आणि मामांच्या आवडीची लसणाची सेव ठेवली. कावळे समोरच्या पिंपळावर होते, पण खाली एकही येईना. पाऊण तास गेला आणि मग अशा वेळी जे होतं तेच सुरू झालं. "दादा, तुझी परिक्रमा राहिली ना? पोरगा करेल." "धाकटीचं लग्न आम्ही पार पाडू, काळजी करू नका." सगळ्यांत कळवळून बोलत होता माझा मामेभाऊ. दहा दिवसांपूर्वी आयसीयूत ईसीजीची सरळ रेघ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ज्यानं डॉक्टरांचं ऐकलं नव्हतं, तोच.

एकाच माणसाच्या डोक्यात या दोन्ही गोष्टी कशा नांदतात? २००४ साली जेसी बेरिंग आणि डेव्हिड ब्योर्कलुंड या मानसशास्त्रज्ञांनी फ्लोरिडातल्या लहान मुलांना बाहुल्यांचा एक खेळ दाखवला. उंदराचं पिल्लू फिरायला जातं आणि मगर त्याला गिळते. पिल्लू मेलं, हे मुलांना मान्य होतं. मग प्रश्न सुरू झाले: त्याला आता पाणी प्यावं लागेल का? त्याचा मेंदू चालतो का? त्याला घरी जावंसं वाटतं का? आईवर त्याची माया आहे का? शरीराची कामं थांबली हे बालवाडीतली मुलंही बरीचशी ओळखत होती. इच्छा आणि माया मात्र थांबली असं म्हणायला ती सहज तयार नव्हती. मोठ्या मुलांमध्ये 'थांबली' म्हणणारे वाढले, तरी हा फरक पुसला गेला नाही.

बेरिंग यांचं म्हणणं असं की तहान नसणं आपण रोज अनुभवतो, त्यामुळे त्याची कल्पना करता येते. पण काहीच न वाटणं कसं असेल, याची कल्पना करायला बसलो की कल्पना करणारे आपण तिथे हजरच असतो. म्हणून मेलेल्या माणसाचं पोट आपण बंद करू शकतो, मन नाही.

इथे मला गरुडपुराणातला हिशोब आठवतो. दहा दिवसांच्या पिंडांनी मृताचा नवा देह घडतो: पहिल्या दिवशी डोकं, मग मान-खांदे, असं करत दहाव्या दिवशी भूक आणि तहान. म्हणजे भूक लागायला आधी शरीर हवं, हे ते रचणाऱ्यानंही धरलेलं होतं. उरलेल्या इच्छेसाठी मात्र कुणी पिंड नेमलेला नाही. ती आहेच, असं गृहीत.

अर्थात सगळं जन्मजातच असतं असं नाही. स्पेनमध्ये पॉल हॅरिस आणि मार्ता हिमेनेस यांनी मुलांना मृत्यूच्या दोन गोष्टी सांगितल्या, एकीत डॉक्टर होता, दुसरीत पाद्री. पाद्री असला की 'अजून काहीतरी चालू आहे' म्हणणारी मुलं वाढली. आयसीयूतला मामेभाऊ आणि घाटावरचा मामेभाऊ यांचा उलगडा मला तिथे झाला. तो ढोंगी नव्हता, फक्त जागा बदलली होती.

आणि कावळा? तो मुळात संशयी पक्षी. केली स्विफ्ट आणि जॉन मार्झलफ यांनी अमेरिकेत कावळ्यांना खाणं ठेवलं आणि तिथेच हातात मेलेला कावळा धरून मुखवट्यातला माणूस उभा केला. पुढचे दिवस कावळे त्या जागी खायला यायला जास्त वेळ घेऊ लागले, आणि तो मुखवटा रिकाम्या हातांनी परत दिसला तरी आठवडे उलटल्यावरही त्याच्यावर ओरडत राहिले. हे तिथले कावळे, आपल्या घाटावरचे वेगळ्या जातीचे. तरी पिंडांना चिकटून उभी असलेली पंधरा माणसं त्यांनाही फारशी भरवशाची वाटली नसावीत. गुरुजींनी दोनदा सांगितलं, "मागे व्हा जरा." कुणी सरकेना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

परतताना मामी गाडीत हळूच म्हणाली की संध्याकाळी फाटकाची कडी वाजते, मामा कामावरून आल्यासारखी. "कुणाला सांगितलं नाही. म्हणतील, डोकं फिरलं हिचं." मी तिला वेल्समधल्या एका डॉक्टरची गोष्ट सांगितली. डेवी रीस यांनी जोडीदार गमावलेल्या २९३ जणांना विचारलं होतं, निष्कर्ष १९७१ साली छापले. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या माणसाचा काही ना काही भास झाला होता, बऱ्याच जणांना ते आसपास असल्याचं जाणवलं होतं, काहींना आवाज ऐकू आला होता, आणि बहुतेकांनी तोवर कुणाजवळ ते बोलूनही दाखवलं नव्हतं. त्यातल्या बऱ्याच जणांना त्यानं धीर मिळाला होता.

मामी जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "घरच्यांना म्हणावं, कडीला तेल घालू नका."