पीएरर की स्ट्रएरर?

सी प्रोग्रॅममध्ये ओपन (फाइल उघडणारा) किंवा कनेक्ट (नेटवर्कवर जोडणी करणारा) कॉल फसला की उणे एक परत येतो आणि फसण्याचं कारण एर्नो नावाच्या व्हेरिएबलमध्ये आकड्याच्या रूपात पडतं. लिनक्सवर २ म्हणजे फाइल सापडली नाही, १३ म्हणजे परवानगी नाही. या आकड्याचं वाचता येईल असं वाक्य करून देणारी दोन फंक्शनं आहेत, पीएरर आणि स्ट्रएरर. वाक्य दोन्हींचं तेच, त्यामुळे कुठलंही वापरलं तरी चालतं असं वाटतं.

पीएरर एर्नो स्वतःच वाचतं आणि तुम्ही दिलेला शब्द, कोलन, मग ते वाक्य थेट स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुका दाखवायच्या आउटपुटवर, छापून मोकळं होतं. स्ट्रएरर काहीच छापत नाही. तुम्ही द्याल त्या आकड्याचं वाक्य हातात ठेवतं; पुढचं तुमचं तुम्ही बघायचं.

‘ओपन: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. पीएररची ही नेहमीची ओळ. पण कुठली फाइल? रात्री सर्व्हर बंद पडलेला असताना या ओळीचा काडीचाही उपयोग नाही. पीएररला ‘ओपन’ऐवजी फाइलचा पाथ दिला तर बरंच भागतं, आणि छोट्या प्रोग्रॅमला तेवढं पुरे. पण फाइल कशासाठी उघडत होतो, हेही सांगायचं असेल तर एफप्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनमध्ये पाथ आणि स्ट्रएरर एकत्र घालणंच सोयीचं.

खरा घोळ एर्नोचा आहे. कॉल यशस्वी झाला म्हणून तो शून्यावर येत नाही, आणि मधे दुसरं काही फसलं तर बदलतो. कॉल फसल्यावर आधी एक प्रिंटएफ आणि मग पीएरर असं लिहिलं, की कधीकधी ‘इनॲप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस’ असं अगम्य काहीतरी दिसतं. समोर टर्मिनल आहे का हे काही लायब्ररी गुपचूप तपासतात. नसलं की एर्नोत २५ (याच वाक्याचा आकडा) पडतो आणि मूळ कारण पुसलं जातं. म्हणून कॉल फसल्या फसल्या एर्नो वेगळ्या व्हेरिएबलमध्ये उचलून ठेवायचा आणि स्ट्रएररला तो द्यायचा.

नवा थ्रेड सुरू करणाऱ्या पीथ्रेड-क्रिएटची तर रीतच निराळी. ते एर्नोला हात लावत नाही, एररचा आकडा थेट परत करतं. तिथे पीएरर वापरलं तर थ्रेड तयार झालेला नसतानाही ‘सक्सेस’ छापून येऊ शकतं! परत आलेला आकडा स्ट्रएररला द्या.

स्ट्रएररचीही एक खोड आहे: दिलेली स्ट्रिंग पुढच्या कॉलमध्ये पुसली जाऊ शकते. अनेक थ्रेड असतील तर स्ट्रएरर-आर वापरा, पण त्याचे दोन अवतार आहेत. पॉझिक्स या युनिक्स मानकातला आकडा परत करतो, ग्नूच्या सी लायब्ररीतला स्ट्रिंग. हा निव्वळ छळ आहे.

सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या गेटॲड्रइन्फोपुढे मात्र दोघांचंही चालत नाही. त्याचे आकडे वेगळे, म्हणून त्याला गाय-स्ट्रएरर लागतं; फक्त ईएआय-सिस्टिम हा एरर आला तरच एर्नो बघायचा.