हीटरच्या आधीचा फिशटँक

इथे नेदरलँड्सला माझ्या टँकमध्ये पाच स्टिकलबॅक आहेत, इथलेच गावठी मासे, बोटाएवढे, पाठीवर तीन काटे, आणि टँकला हीटर नाही. घरी येणारा आपला प्रत्येक माणूस हेच विचारतो की अरे डिसेंबरात हे मरत नाहीत का. नाही मरत, यांना त्रास होतो तो जुलैत. हे सगळ्यांना उलटं वाटतं, कारण फिशटँक म्हणजे हीटर हे डोक्यात पक्कं बसलंय, पण हा छंद सुरू झाला तेव्हा युरोपात लोक गावातल्या ओढ्यातले नि डबक्यातलेच मासे पाळायचे.

सुरुवात लंडनला. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनशास्त्रज्ञ, त्याने 1849 च्या सुमारास काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरियाचं रोप ठेवलं. (गोल्डफिश मूळचे चीनचे, पण तोवर तिकडे घरोघरी रुळलेले.) वनस्पती ऑक्सिजन देईल, माशाची घाण वनस्पतीला मिळेल, पाणी बदलायची कटकट नाही, असा हिशोब. तर झालं काय, व्हॅलिसनेरियाची जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ, काचेवर हिरवा थर. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या, त्यांनी ती कुजकी पानं आणि शेवाळ फस्त केलं, वर त्यांची अंडी माशांना खाऊ. 1850 मध्ये त्याने हे छापलं, आणि आजही नवशिक्याला टँक "सेट" होऊ दे म्हणतात ते साधारण हेच. पुढे स्टिकलबॅकही पाळले त्याने.

वेळही बरोबर जमली, इंग्लंडमध्ये काचेवरचा कर 1845 ला गेला होता त्यामुळे काच स्वस्त झालेली. 1853 ला लंडनच्या झूमध्ये फिश हाउस उघडलं, 1854 ला फिलिप हेन्री गॉसचं पुस्तक आलं आणि "अ‍ॅक्वेरियम" हा शब्द रूढ झाला, की लगेच दिवाणखान्यात टँक ठेवायची फॅशनच.

जर्मनीत हे वेड लावलं एमिल अडोल्फ रोसमेसलरने. माणूस भारी, 1848 च्या क्रांतीच्या काळात फ्रँकफर्टच्या संसदेत होता, त्या राजकारणापायी प्राध्यापकी गेली, मग सामान्य लोकांसाठी निसर्गावर लिहीत बसला. 1856 ला "गार्टेनलाउबे" या घरोघरी वाचल्या जाणाऱ्या साप्ताहिकात त्याचा काचेतल्या तळ्यावरचा लेख आला, पुढच्या वर्षी पुस्तक.

मग परदेशी पाहुणे आले. 1869 मध्ये चीनचे पॅराडाइज फिश पॅरिसला पोचले, पिएर कार्बोनिएने त्यांची पैदासही केली. गंमत म्हणजे हा मासा बऱ्यापैकी थंडी सोसतो, पण पुढे जहाजांनी जे खरे गरम पाण्याचे मासे आले त्यांच्यासाठी लोक टँकच्या तळाखाली गॅसची नाहीतर स्पिरिटची ज्योत पेटवायचे! विजेचे हीटर आल्यावर प्रश्नच मिटला, नि गावठी मासे पोरांच्या बरणीत गेले.

पण बरणीला कमी लेखू नका. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारा डच शास्त्रज्ञ निको टिनबर्गन लहानपणी हेगला घराच्या मागच्या अंगणात दोन छोट्या टँकमध्ये स्टिकलबॅकची घरटी बघत बसायचा. वसंतात नराचा गळा-पोट लालभडक होतं, तो तळाशी खळगा करतो, काड्या-शेवाळ आणून रचतो आणि मूत्रपिंडातून निघणाऱ्या चिकट रसाने सांधतो, म्हणजे सिमेंटसुद्धा घरचंच. पुढे लायडनच्या लॅबमध्ये खिडकीबाहेरून पोस्टाची लाल गाडी गेली की टँकमधले नर डोकं खाली करून भांडायच्या पवित्र्यात यायचे, हे त्याने टिपलं. 1973 ला नोबेल मिळालं, लॉरेंझ आणि फॉन फ्रिशसोबत.

बिटरलिंग या दुसऱ्या गावठी माशाची कथा त्याहून अजब. मादी लांब नळीने जिवंत शिंपल्याच्या आत अंडी घालते, पिल्लं काही आठवडे तिथेच. 1930 च्या दशकात बाईची लघवी टँकच्या पाण्यात घालून मादीची नळी लांबते का यावरून गर्भारपण ओळखायचा प्रयोगही झाला, मग कळलं की पुरुषाच्या लघवीनेही नळी लांबते, विषय संपला. घरी पाळायचं तर खरी अडचण शिंपल्याची, आपल्या चकाचक टँकमध्ये त्याला गाळून खायला काही मिळत नाही आणि तो उपाशी मरतो.

आणि आता कायदा. 1992 च्या हॅबिटॅट्स डायरेक्टिव्हमध्ये, म्हणजे युरोपियन युनियनच्या निसर्गरक्षणाच्या कायद्यात, बिटरलिंग आणि वेदरफिश या दोन्ही गावठी माशांची नावं आली. जाळी घेऊन ओढ्यावर गेलो नि धरून आणलं असं आता सरसकट चालत नाही, देशागणिक नियम वेगळे, आधी बघावं लागतं. उलट्या बाजूने आशियातला टॉपमाउथ गजन हा छोटा मासा, जो 1960 च्या दशकात रोमानियात शिरून पसरला, तो 2016 पासून युनियनच्या घुसखोर प्रजातींच्या यादीत, म्हणजे पाळायलाच बंदी. टँकमधला मासा कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडणं हा प्रकार तर कोणीच करू नये, गावठी असला तरी, रोग जातात बरोबर.

राहिला जुलै. 10 अंशाच्या पाण्यात लिटरला 11 मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन मावतो, 25 अंशाला जेमतेम 8, आणि गरम पाण्यात माशाला तो लागतो मात्र जास्त. पाणी थंड करणारा चिलर महाग, आवाजही करतो, म्हणून मी एअरपंप जोरात लावतो आणि फ्रीजरमध्ये मटारच्या पाकिटांशेजारी पाण्याच्या दोन बाटल्या कायम ठेवतो, एक टँकमध्ये तरंगत असते तोवर दुसरी गोठते.