स्टेपनी हवी की बाटली पुरे?

नव्या गाडीची डिकी उघडून खालचा पत्रा उचलला की हल्ली अनेकदा चाक दिसतच नाही. सीलंटची एक बाटली आणि छोटा कंप्रेसर, एवढंच. नियमाला हे चालतं. ऑक्टोबर 2020 पासून साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी टीपीएमएस यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. डिकीत जागा होते, वजन 12 ते 15 किलोंनी घटतं. पेट्रोल मात्र फारसं वाचत नाही, कारण एक टनाच्या गाडीत 15 किलो म्हणजे जेमतेम दीड टक्का.

ती बाटली नेमकं काय बुजवते ते आधी पाहू. सीलंट म्हणजे रबराचे बारीक कण तरंगणारा चिकट द्रव. खिळ्याच्या भोकातून हवा निसटताना हे कणही ओढले जातात, भोकात एकमेकांना चिकटतात आणि बूच बसतं. टायर रस्त्याला टेकतो त्या जाड भागात, साधारण 4 ते 6 मिलिमीटरपर्यंतच्या भोकाला हा उपाय उत्तम. हवा भरल्या भरल्या काही किलोमीटर गाडी सावकाश चालवायची, म्हणजे द्रव आत सगळीकडे पसरतो. मग दाब पुन्हा मोजायचा, ताशी 80 किलोमीटरच्या वर जायचं नाही आणि थेट पंक्चरवाला गाठायचा. आत सीलंट आहे हे त्याला आधी सांगा, ते धुतल्याशिवाय त्याला काम करता येत नाही. बाटलीला मुदत असते, ती तिच्यावरच छापलेली असते.

मुंबईच्या पावसाळ्यातलं दुखणं मात्र खिळ्याचं नसतं. साचलेल्या पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, चाक त्याच्या कडेवर आदळतं आणि टायरची बाजू रिम आणि कड यांच्यामध्ये चिमटली जाते. आतले धागे तुटतात. वरचं रबर शाबूत राहिलं तर तिथे लिंबाएवढा फुगा येतो, फाटलं तर बोट जाईल एवढी चीर पडते. कधी रिमच वाकतो आणि हवा कडेनं निघून जाते. यातलं काहीही बाटलीनं थांबत नाही. टायरची बाजू चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात दबते आणि सुटते, तिथे बूच टिकणार कसं? पंक्चरवाल्यानं तिथे प्लग मारायची तयारी दाखवली तरी नाही म्हणा.

दादरला किंवा अंधेरीला असं झालं तर फोनवर माणूस स्कूटरनं येतो. अटल सेतू, सी लिंक, कोस्टल रोड आणि ईस्टर्न फ्रीवेवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे तिथे तो पोचूच शकत नाही. 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूवर स्वतः जॅक लावायलाही जाऊ नका. मदत बोलवा आणि गाडी पुलावरून खाली उतरवून घ्या. स्टेपनी उपयोगी पडते ती त्यानंतर. रात्री अकराला उलव्यात किंवा पनवेलजवळ तुमच्या मापाचा टायर शोधत फिरावं लागत नाही. म्हणून शहराबाहेर अधूनमधूनही जाणाऱ्यानं, आणि पावसाळ्यात तर प्रत्येकानंच, स्टेपनी बाळगावी असं आमचं स्पष्ट मत आहे. घर ते ऑफिस एवढंच करणाऱ्याला पावसाळा सोडून किट पुरेल.

स्टेपनी बारीक असते म्हणून लोक घाबरतात. एक हिशेब करून पाहा. 185/65 आर15 टायरचा व्यास: रिमचे 15 इंच म्हणजे 381 मिलिमीटर, त्यात 185 मिलिमीटर रुंदीच्या 65 टक्क्यांची दुप्पट, एकूण 621.5. आणि बारीक स्टेपनीचा, समजा 165/80 आर14 चा? 619.6. फरक दोन मिलिमीटरचा, म्हणून डावी-उजवी चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलला त्रास नाही. रुंदी मात्र 20 मिलिमीटरनं कमी आहे, त्यामुळे पकड थोडी वेगळी असते. चाकावर 80 ची मर्यादा लिहिलेली असेल तर ती पाळा.

खरा घोटाळा होतो तो न वापरलेल्या स्टेपनीत. रबरातून महिन्याला एक-दोन पीएसआय हवा झिरपतेच, वर्षभर पाहिलं नाही तर ऐन वेळी तीही बसलेली निघते. महिन्यातून एकदा बाकीच्या चाकांबरोबर तिचीही हवा तपासा आणि दोन-तीन पीएसआय जास्तच ठेवा. अगदी अरुंद, तात्पुरत्या चाकाला बहुधा 60 पीएसआय लागतात, आकडा त्याच्यावरच असतो. टायरच्या बाजूवर DOT नं सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक वाचा: 2316 म्हणजे 2016 चा तेविसावा आठवडा. दहा वर्षं झालेला टायर नक्षी कोरी असली तरी बदलायचा. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असेल तर खाऱ्या हवेनं आणि पाण्यानं तिची साखळी गंजते, वर्षातून एकदा ती खाली उतरवून पाहा. बाहेरून सीएनजी बसवलेल्या गाडीत सिलिंडर न हलवता चाक निघतं का, हे घरीच बघून ठेवा.

चाक बदलताना हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, तिरप्या बाजूच्या चाकाला दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा, उचलल्यावर चाक नुसतं फिरत राहतं. जॅक खालच्या पट्टीवर जिथे खाच आहे तिथेच. चाक हबला गंजून चिकटलं असेल तर नट पूर्ण न काढता टायरच्या बाजूला बाहेरून बुटाची टाच मारा, गाडीखाली मात्र हात-पाय घालू नका. नव्या चाकाचे नट समोरासमोर, आडवेतिडवे आवळा. वीत-सव्वा वीत लांबीच्या, म्हणजे 25 सेंटिमीटरच्या पान्यावर 40 किलोचा जोर बहुतेक छोट्या गाड्यांना पुरतो. पान्यावर उभं राहिलं की बोल्ट ताणले जातात. नटांना तेल लावायचं नाही. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर थांबून एकदा पुन्हा आवळून घ्या.