अंतर्गत विस्थापितांचा मागोवा

युद्ध, दंगली, पूर, भूकंप, दुष्काळ यांमुळे घरदार सोडावे लागलेली, पण देशाची सीमा न ओलांडलेली माणसे किती आहेत, कुठे आहेत, कुठून आली, पुढे कुठे जाण्याच्या बेतात आहेत आणि त्यांना तातडीने काय हवे आहे, याची ठरावीक काळाने पुन्हापुन्हा घेतली जाणारी नोंद म्हणजे विस्थापितांचा मागोवा. पाण्याचे टँकर किती पाठवायचे, लसी कुठे पोचवायच्या, तंबू कुठे कमी पडतात हे या नोंदीवरून ठरते. जनगणनेत माणूस राहत्या घरी मोजला जातो. इथे ज्याचे राहते घरच सुटले आहे त्याला मोजायचे असते, आणि मोजणी पुरी होईपर्यंत तो पुढच्या गावाला निघून गेलेला असू शकतो.

सीमा ओलांडणाऱ्या निर्वासिताला 1951 च्या करारामुळे आंतरराष्ट्रीय कायद्याचे संरक्षण मिळते. अंतर्गत विस्थापित मात्र स्वतःच्याच देशाचा नागरिक राहतो. त्याची जबाबदारी त्याच्या सरकारवर असते, आणि कित्येकदा त्याला हुसकावण्यात त्याच सरकारचा हात असतो. या माणसांसाठी काही नियम हवेत म्हणून 1992 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी सुदानी मुत्सद्दी फ्रान्सिस डेंग यांना आपले प्रतिनिधी नेमले. त्यांच्या पुढाकाराने 1998 मध्ये 30 मार्गदर्शक तत्त्वे मांडली गेली. ती करारासारखी बंधनकारक नाहीत. बंधनकारक असा पहिला खंडव्यापी करार आफ्रिकेने केला: युगांडाच्या राजधानीत, कंपाला येथे, 2009 मध्ये संमत झालेला हा करार 2012 मध्ये अमलात आला. मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘अंतर्गत विस्थापित’ हे परिस्थितीचे वर्णन आहे, कायदेशीर दर्जा नव्हे. त्यामुळे अनेक देशांत विस्थापिताच्या हाती तसा कोणताही कागद नसतो, आणि कागदच नसेल तर कार्यालयात बसून मोजणी होत नाही. ती माणसांमध्ये जाऊनच करावी लागते.

या कामाची आज सर्वाधिक वापरात असलेली पद्धत आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेची आहे. ‘डिस्प्लेसमेंट ट्रॅकिंग मॅट्रिक्स’, संक्षेपाने डीटीएम, या नावाने ती ओळखली जाते. 2004 मध्ये इराकमधील विस्थापितांसाठी ती आखली गेली. 12 जानेवारी 2010 च्या भूकंपानंतर हैतीमध्ये ती मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. त्या वर्षाच्या मध्यावर सुमारे 15 लाख लोक दीड हजारांहून अधिक छावण्यांत राहत असल्याचे तिच्यातून दिसले. फुटबॉलच्या मैदानापासून रस्त्याच्या दुभाजकापर्यंत जिथे जागा मिळेल तिथे तंबू पडले होते, आणि यातल्या बहुतेक जागा कोणी ठरवून छावणी म्हणून दिलेल्या नव्हत्या.

पद्धतीचा पाया साधा आहे. प्रत्येक घरी जाणे शक्य नसते, म्हणून प्रगणक आधी जिल्हा पातळीवर आणि मग गावपातळीवर माहितगारांना भेटतो. गावचा मुखिया, शिक्षक, दवाखान्यातील परिचारिका, धर्मगुरू, छावणीचा कारभार पाहणारा माणूस, स्त्रियांच्या गटाची प्रमुख, असे हे माहितगार असतात. किती कुटुंबे आली, कधी आली, कुठून आली, एवढे त्यांना विचारायचे, त्यांची उत्तरे एकमेकांशी ताडून पाहायची, आणि शेवटी जागेवर जाऊन खात्री करायची. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तीच फेरी पुन्हा. कुटुंबांच्या आकड्याला एका कुटुंबातील माणसांच्या सरासरी संख्येने गुणले की माणसांचा अंदाज निघतो. पाणी किती दूर आहे, शौचालयांना आतून कडी आहे का, रात्री दिवा असतो का, हेही त्याच फेरीत टिपले जाते. कडीचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण कडी आणि दिवा नसेल तर बायकामुली रात्री तिकडे जाणे टाळतात, आणि हे पुरुष माहितगाराच्या बोलण्यात क्वचितच येते. म्हणून प्रगणकांमध्ये स्त्रिया असणे हा या कामातला मूलभूत नियम मानला पाहिजे.

‘कुटुंब’ हा शब्दही वाटतो तेवढा सोपा नाही. शाळेच्या वर्गात आसरा घेतलेल्या बाईला ‘घरात किती माणसे?’ असे विचारले की ती आठ सांगते. ‘काल रात्री इथे किती झोपली?’ असे विचारले की पाच. दोघे गुरांपाशी गावातच थांबलेले, आणि एक मुलगा कामाच्या शोधात शहराकडे गेलेला. दोन्ही उत्तरे खरी आहेत. तंबू आणि पाणी पाचांना लागणार आहे, पण गावी परत जायचे की नाही हे आठजण मिळून ठरवणार आहेत. कसलेल्या प्रगणकाला दोन्ही प्रश्न विचारावेसे वाटतात. घाईतला एकच विचारतो, आणि शेकडो जागी असे झाले की जिल्ह्याचा आकडा हजारोंनी हलतो.

छावणी डोळ्यांना दिसते, तिची छायाचित्रे येतात, म्हणून विस्थापित म्हणजे छावणीतला माणूस असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात अनेक संकटांत बहुसंख्य विस्थापित नातेवाइकांकडे, ओळखीच्यांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहतात. दोन खोल्यांत तीन कुटुंबे दाटीने राहत असतात आणि बाहेरून घर नेहमीसारखेच दिसते. आसरा देणाऱ्यांचेही धान्य संपत आलेले असते. मागोव्याचा खरा कस इथे लागतो. छावणीबाहेरच्यांना न मोजणारी पाहणी मदतीला चुकीच्या दिशेने पाठवते, आणि मदत मिळावी म्हणून लोकांना बरे चाललेले घर सोडून छावणीत यावे लागते.

वाटेवरच्या माणसांसाठी वेगळी रीत आहे. बसस्थानके, बंदरे, सीमेजवळची ठाणी अशा ठिकाणी प्रगणक बसतात, येणाऱ्याजाणाऱ्यांची मोजदाद करतात आणि काहींशी बोलतात. पश्चिम आफ्रिकेतील नायजरच्या अगादेझ भागात अर्लित आणि सेगेदिन येथे 2016 पासून अशी निरीक्षणे झाली. अल्जीरिया आणि लिबियाकडे जाणाऱ्या वाटा तिथून जातात. त्या वर्षी उत्तरेकडे बाहेर पडणाऱ्या 3 लाखांहून अधिक प्रवाशांची नोंद झाली. प्रवाशांची चोरटी वाहतूक करणाऱ्यांविरुद्ध नायजरने 2015 मध्ये केलेल्या कायद्याची अंमलबजावणी कडक होताच पुढच्या वर्षी हा आकडा एकदम कोसळला. पण चालकांनी पाणवठ्यांचे नेहमीचे रस्ते सोडून वाळवंटातल्या आडवाटा धरल्याचेही दिसू लागले. म्हणजे घटलेल्या आकड्यात खरोखर कमी झालेला प्रवास किती आणि नजरेआड गेलेला किती, हे त्या ठाण्यांवर बसून सांगता येणार नव्हते. अशा ठिकाणी मिळणारी संख्या त्या वाटेवर दिसलेल्यांची असते, एकूण स्थलांतरितांची नव्हे. बातम्यांत ती सर्रास दुसऱ्या अर्थाने छापली जाते.

प्रगणक पोचू शकत नाहीत तिथे फोन कामी येतो. रशियाने फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर आक्रमण केल्यावर यादृच्छिक रीतीने निवडलेल्या मोबाइल क्रमांकांवर फोन करून मार्चमध्ये पाहणी झाली. अवघ्या दोन हजार माणसांशी बोलून, योग्य रीतीने निवडलेल्या या नमुन्यावरून, देशात सुमारे 65 लाख लोक विस्थापित असल्याचा अंदाज पंधरवड्यात हाती आला. हैतीच्या भूकंपात आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. मोबाइल कंपनीकडील नाव वगळलेल्या सिमकार्डांच्या हालचालींवरून संशोधकांनी नंतर दाखवले की भूकंपाच्या दिवशी राजधानीत असलेल्यांपैकी सुमारे 6 लाख 30 हजार लोक 19 दिवसांत शहराबाहेर गेले होते, आणि ते कोणत्या प्रांतांत गेले हेही कळले. मात्र फोन नसलेले वृद्ध, लहान मुले, एकच फोन वापरणारी चार माणसे यांत हरवतात.

आकडे वाचताना एक फरक कायम ध्यानात ठेवावा लागतो: वर्षभरात घडलेली विस्थापने वेगळी आणि वर्षाअखेर विस्थापित असलेली माणसे वेगळी. एकच कुटुंब वर्षात तीनदा पळाले तर विस्थापने तीनदा नोंदली जातात, माणसे तीच राहतात. नॉर्वेजियन निर्वासित परिषदेने 1998 मध्ये स्थापन केलेले अंतर्गत विस्थापन निरीक्षण केंद्र दरवर्षी दोन्ही आकडे देते. 2024 मध्ये आपत्तींमुळे 4 कोटी 58 लाख विस्थापने नोंदली गेली, पण वर्षाअखेर आपत्तींमुळे विस्थापित असलेले लोक 98 लाख होते. वादळापूर्वी सुरक्षित जागी हलवलेली आणि चार दिवसांत परतलेली माणसेही पहिल्या आकड्यात असतात. संघर्षाचे उलट आहे: त्या वर्षात सुमारे 2 कोटी विस्थापने, पण वर्षाअखेर 7 कोटी 35 लाख माणसे घराबाहेरच. युद्धात घर सुटलेला माणूस वर्षानुवर्षे परत जाऊ शकत नाही.

आकड्याला मदत जोडलेली असल्यामुळे तो ओढलाही जातो. जास्त कुटुंबे सांगितली तर जास्त शिधा येईल असे स्थानिक म्होरक्याला वाटते, तर आपल्या राज्यात सारे आलबेल आहे हे दाखवू पाहणाऱ्या सरकारला आकडा लहान हवा असतो. याला उतारा म्हणून आकड्यासोबत त्याची तारीख, पद्धत आणि कोणते जिल्हे सुटले हे छापण्याची शिस्त पाळली जाते. हे तीन तपशील वाचल्याशिवाय कोणी संख्या वापरू नये.

उलट धोका माहिती जास्त असण्याचा आहे. कोणत्या जमातीची किती माणसे कोणत्या शाळेत झोपतात ही यादी मदतवाल्याला जितकी उपयोगी, तितकीच हल्लेखोरालाही. म्हणून माहितगारांवर आधारलेल्या पाहणीत नावे टिपली जात नाहीत. शिधावाटपासाठी नावनिशी आणि बोटांचे ठसे घ्यावेच लागतात, तेव्हा ती माहिती कशासाठी घेतली जाते आणि कोणाला दाखवली जाईल हे सांगून संमती घेणे बंधनकारक मानले जाते. पण ठसा दिला नाही तर धान्य मिळणार नाही असे ज्याला वाटते त्याची संमती कितपत मोकळी, हा प्रश्न उरतोच.

मोजणी कधी थांबवायची, यावर 2010 मध्ये आंतर-संस्था स्थायी समितीने, म्हणजे मदतकार्य करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या व इतर संस्थांच्या समन्वय मंडळाने, आराखडा दिला. मूळ गावी परतणे, आहे तिथेच स्थिरावणे किंवा देशात तिसरीकडे वसणे, यांपैकी काहीही घडो, विस्थापनामुळे उद्‌भवलेल्या खास गरजा आणि त्यापायी होणारा भेदभाव संपला की विस्थापन संपले, असा त्याचा आशय आहे. घरी पोचलेल्या माणसाचे छप्पर उडालेले आणि शेतात सुरुंग असतील तर तो अजून यादीत राहतो. विस्थापनात जन्मलेल्या मुलांबाबत देशोदेशी वेगळी रीत आहे. 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मान्य केलेल्या शिफारशी त्यांना ‘विस्थापितांशी संबंधित लोकसंख्या’ म्हणून वेगळे मोजायला सांगतात, तर अझरबैजानमध्ये वडील विस्थापित असतील तर मुलालाही तोच दर्जा मिळतो.