पकड सुटलेली कातडी

महिनोन्‌महिने तोंड आलेलं असतं. गालाच्या आतून, हिरडीवर, घशाशी साल निघाल्यासारखे लालबुंद चट्टे. जेवताना डोळ्यांत पाणी येतं. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या होतात, मलमं होतात, दातांच्या डॉक्टरकडे दोन-चार चकरा होतात. मग एक दिवस छातीवर किंवा पाठीवर पाण्यानं भरलेले लिबलिबीत फोड उठतात आणि तेव्हा कुठे पेशंट त्वचारोगतज्ज्ञापर्यंत पोचतो. पेम्फिगस व्हल्गॅरिस या आजाराची बरीचशी कहाणी अशीच सुरू होते. तोंड आधी आणि कातडी नंतर, हा क्रम योगायोगाचा नाही. त्याचं उत्तर पेशीपटलातल्या, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणातल्या, एका प्रथिनात आहे.

कातडीचा सर्वांत वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. इथे पेशींवर पेशी रचलेल्या असतात, आणि शेजारणींना धरून ठेवण्यात मोठा वाटा असतो तो डेस्मोग्लीन या प्रथिनाचा. हा लांबट रेणू पेशीपटलातून आरपार गेलेला असतो. त्याचं बाहेरचं टोक शेजारच्या पेशीतून आलेल्या तशाच रेणूंमध्ये गुंततं. आतलं टोक इतर प्रथिनांमार्फत केराटिनच्या चिवट धाग्यांना बांधलेलं असतं. त्यामुळे कातडी ओढली की ताण एका पेशीवर न राहता सगळ्यांत वाटला जातो. बाहेरचा भाग ताठ राहायला कॅल्शियम लागतं. असे असंख्य रेणू एका जागी दाटीनं जमले की जो सांधा तयार होतो, तो डेस्मोसोम.

पेम्फिगसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा या डेस्मोग्लीनलाच शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करते. पेशी जिवंत असतात, पण त्यांची एकमेकींवरची पकड सुटते. फोडाजवळच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर अंगठा जरा दाबून सरकवला तरी वरचा पापुद्रा घसरून येतो. प्योत्र निकोल्स्की या रशियन डॉक्टरनं १८९६ साली वर्णन केलेली ही खूण आजही तपासली जाते. बायोप्सीत दिसतं ते आणखी बोलकं: सर्वांत खालच्या पेशी जागेवर उभ्या, त्यांच्या वरचं सगळं सुटलेलं. पॅथॉलॉजिस्ट या चित्राला थडग्यांची रांग म्हणतात.

रक्तातली ही प्रतिपिंडं १९६४ साली अर्नस्ट ब्यूटनर आणि रॉबर्ट जॉर्डन यांनी दाखवली. ती नेमकी कशाला चिकटतात, हे कळायला १९९१ उजाडलं. मासायुकी आमागाई, जॉन स्टॅनली आणि सहकाऱ्यांनी त्या प्रथिनाचं जनुक शोधलं. ते होतं डेस्मोग्लीन ३, म्हणजे डेस्मोग्लीनच्या प्रकारांपैकी एक.

आता तोंडाच्या कोड्याकडे येऊ. बाह्यत्वचेत डेस्मोग्लीन १ आणि ३ दोन्ही असतात, पण वाटणी सारखी नाही. १ वरच्या थरांत जास्त, ३ तळाशी. तोंडाच्या आतल्या अस्तरात मात्र ३ सगळीकडे आणि १ अगदी थोडं. प्रतिपिंडं फक्त ३ च्या मागे लागली तर कातडीला १ सावरून धरतं, तोंडाला सावरणारं कुणी नसतं. पुढे १ विरुद्धही प्रतिपिंडं आली की कातडीही फुटते. आणि फक्त १ वर हल्ला झाला तर? तो पेम्फिगस फोलिएशिअस. त्यात कातडीचे वरवरचे पापुद्रे निघतात आणि तोंड शाबूत राहतं. इतका चोख हिशेब वैद्यकात फार क्वचित जुळतो.

या हिशेबाची परीक्षा नवजात बाळं घेतात. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळात उतरतात. व्हल्गॅरिस असलेल्या आईच्या बाळाला फोड येऊ शकतात, पण फोलिएशिअस असलेल्या आईच्या बाळाला ते सहसा येत नाहीत. कारण बाळाच्या कातडीत डेस्मोग्लीन ३ वरपर्यंत पसरलेलं असतं, ते १ ची उणीव भरून काढतं. आईकडून आलेली प्रतिपिंडं काही आठवड्यांत विरतात आणि बाळ बरं होतं.

डेस्मोग्लीन १ वर एक जिवाणूही टपलेला असतो. लहान मुलांची कातडी पोळल्यासारखी सोलून निघण्याचा आजार रिटर फॉन रिटरशाइन यांनी १८७८ साली नोंदवला होता. तो स्टॅफिलोकोकस या जिवाणूच्या विषामुळे होतो. हे विष डेस्मोग्लीन १ ला कापतं, असं २००० साली आमागाईंच्याच गटानं दाखवलं. म्हणजे या आजारात जंतूची कात्री, फोलिएशिअसमध्ये स्वतःचीच प्रतिपिंडं. तुटतो मात्र तोच थर.

प्रतिपिंडं नुसती मध्ये घुसून पकड अडवतात, की पेशीला आतून इशारे देऊन डेस्मोग्लीन गिळायला लावतात, यावर संशोधक अजून भांडतात. दोन्ही बाजूंना पुरावे आहेत, आणि दोन्ही घडत असावं असं मला वाटतं.

स्टेरॉइड येण्याआधी हा आजार बहुतेकांचा जीव घेई. उघड्या पडलेल्या अंगातून पाणी जाई आणि जंतुसंसर्ग होई. स्टेरॉइडनं माणसं वाचली, पण हाडं, साखर, रक्तदाब यांची किंमत मोजून. रिटुक्सिमॅब या औषधानं हे गणित बदललं. ते प्रतिपिंडांच्या मुळाशी असलेल्या बी-पेशींच्या पटलावरच्या सीडी२० या प्रथिनाला चिकटून त्या पेशी मारतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत, दोन वर्षांनी स्टेरॉइडशिवाय आजारमुक्त असलेले पेशंट रिटुक्सिमॅबच्या गटात ८९ टक्के होते, नुसत्या स्टेरॉइडच्या गटात ३४ टक्के. पुढच्याच वर्षी अमेरिकेत या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली.

तरी त्यात निरपराध बी-पेशीही मरतात. म्हणून पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या एमी पेन यांच्या गटानं २०१६ साली वेगळी युक्ती मांडली. प्रतिकारयंत्रणेतल्या मारक टी-पेशींच्या पटलावर डेस्मोग्लीन ३ चा तुकडा आमिष म्हणून बसवायचा. ज्या बी-पेशी त्याला डसायला येतील, फक्त त्याच मारायच्या. रक्तात आधीच फिरणारी प्रतिपिंडं या आमिषाला चिकटून डाव उधळतील, अशी शंका होती. उंदरांवरच्या प्रयोगांत तसं झालं नाही, आणि त्यानंतर हे उपचार माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचले.